शिंदे इरु

कतारला जाऊन आलेले लोक आमच्या भागात आता पैशाला पासरी झालेत. त्यांना विचाराल तर ते सोनं, खजूर आणि ऊन एवढंच सांगतील. मी चौथी शिकलेला माणूस, अक्षर माझं गिचमिड. पण मी तिथं जे बघितलं ते लिहिणारा दुसरा कुणी निघाला नाही, म्हणून शेवटी मीच बसलो. डोळ्यांना पाणी येतं, रोज एक पान होतं, पाठ धरते. चुका दिसतील त्या दिसू द्या. एक गोष्ट मात्र मी गावात आजवर अर्धीच सांगत आलो. ती इथं पुरी लिहिणार आहे.

दोहा

साल सत्त्याहत्तर. मी कराडकडच्या एका साखर कारखान्यात खलाशी होतो. खलाशी म्हणजे बोटीवरचा नव्हे. अवजड यंत्रं साखळीच्या कप्पीनं उचलून जागेवर बसवतो तो कारखान्यातला खलाशी. तिकडं त्याला रिगर म्हणतात. माझ्याबरोबर चुलतभाऊ बबन होता. तो ग्राइंडर मारायचा, वेल्डिंगचे सांधे घासून गुळगुळीत करायचा. माझ्यापेक्षा दोनच वर्षांनी लहान. त्याची यायची इच्छा नव्हती, मीच मागं लागून त्याला तयार केलं. निघताना चुलती उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "रामा, दोघं जाताय, दोघं या." ते वाक्य मी सात वर्षं बरोबर घेऊन हिंडलो.

विमानाच्या शिडीवर पाय ठेवला आणि ओळखीची झळ लागली. कारखान्यात चिपाडं जाळायच्या भट्टीचं दार उघडलं की येते तीच. फरक एवढा, की भट्टीचं दार बंद करता येतं.

पहिले चार दिवस दोह्यात एका खोलीत आठ जण होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी बबन आंघोळीला गेला आणि ओरडत बाहेर आला. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी, चहा झाला असता त्यात. एक मलबारी शेजारी हसत म्हणाला की इथं दुपारी नळाला हात लावायचा नसतो, सकाळीच बादली भरून पलंगाखाली ठेवायची. त्या देशात गरम पाण्यासाठी नाही, गार पाण्यासाठी खटपट करावी लागते, हे मी तिथं पहिलं शिकलो. दुसरं शिकलो 'यल्ला' आणि 'खलास'. एकानं काम सुरू होतं, दुसऱ्यानं संपतं. एवढ्यावर पुष्कळ लोक आयुष्य काढतात.

उम्म सईद

पाचव्या दिवशी आम्हाला उम्म सईदकडच्या कॅम्पात नेलं. दोह्याच्या दक्षिणेला, समुद्राच्या कडेनं. एका बाजूला वाळू, दुसऱ्या बाजूला पाणी, आणि प्यायला दोन्हीतलं काही उपयोगाचं नाही. खाऱ्या पाण्याचं गोडं पाणी करायचा कारखाना तिथं उभा राहत होता. उभा करणारी कंपनी जपानी.

सकाळी पाच वाजता सगळ्यांना ओळीत उभं केलं. भोंग्यावर बाजा सुरू झाला आणि जपानी साहेब, त्यांचे फोरमन, सगळे हात वर-खाली करून कवायत करायला लागले. आपल्याकडं चौथीनंतर कवायत सुटते. तिथं पन्नाशीचा माणूस साहेब झाल्यावरही उड्या मारत होता. आमची माणसं हसली. मी हसलो नाही. जो साहेब माणसाबरोबर उड्या मारतो त्याला हसू नये, असं मला वाटलं.

मग फोरमननं यादी वाचायला घेतली. त्याचं नाव हिराता. बुटका, मानेला टॉवेल, डोळ्यांभोवती सुरकुत्यांचं जाळं. नावं वाचत वाचत तो आमच्यापाशी आला आणि थांबला. कागद जवळ घेतला, लांब धरला. मग कागद खाली करून त्यानं माझ्याकडं बोट केलं आणि म्हणाला, "रामु-सान." बबनकडं बोट केलं, "बाबान-सान." बाकी सगळ्यांना आडनावानं, आम्हा दोघांनाच असं.

मी हिंदीत सांगितलं, मेरा नाम शिंदे है. हिरातानं मान खाली घातली. पुढं गेला.

ऑफिसात कुलकर्णी म्हणून एक पुण्याचे साहेब होते. स्टोअरचं इंग्रजी कामकाज बघायचे, आणि जपान्यांशी इंग्रजीत बोलून आम्हाला मराठीत सांगायचे. त्यांनी मला बोलावून घेतलं. सांगावं का न सांगावं अशा चेहऱ्यानं ते म्हणाले, "शिंदे, राग मानू नका. त्यांच्या भाषेत 'शिंदे' म्हणजे मरून. मेलेला. डोक्यावर लोखंड टांगलेलं असताना सकाळी सकाळी तो शब्द तोंडातून काढायला त्यांना नको वाटतं."

टोपीवर 'राम' लिहून घ्या म्हणाले. सगळ्यांच्या हेल्मेटवर रंगानं आडनाव लिहायची पद्धत होती.

मी म्हणालो, "साहेब, टोपी कंपनीची, नाव माझ्या बापाचं. कंपनीनं तिच्या टोपीवर काय लिहावं ते लिहावं, पण माझ्या डोक्यावर दुसऱ्याचं नाव बसणार नाही."

"अहो, राम तुमचंच नाव ना?"

"माझं आहे. पण आडनाव पुसून दिलेलं आहे."

कामावरून काढतील की काय, ही धाकधूक होती. काढलं नाही. हिरातानं दोन कोऱ्या टोप्या पाठवल्या. दीडशे माणसांत दोन टोप्यांवर नाव नाही. लोक विचारायचे, तुम्ही काय पाहुणे आहात काय. बबन म्हणायचा, "आण्णा, लिवून घ्या की काय बी, उनापास्नं डोकं झाकलं म्हंजी झालं." मी ऐकलं नाही. ऐकणं माझ्या स्वभावात नाही, घरात कुणालाही विचारा.

हाय आणि नाय

पण त्या दिवशी एक ठरवलं, यांची भाषा आपल्याला आली पाहिजे. आपल्या नावाचं हे लोक काय करतात ते आपल्या कानानं कळलं पाहिजे. कुलकर्णी साहेबांनी जपानी शिकायचं पुस्तक मागवलं होतं. त्यांचं चालू होतं इंग्रजीतून. मला पुस्तक नव्हतं. मला हिराता होता.

आणि काय सांगू, ती भाषा मला अर्धी येतच होती. तो विचारायचा, "स्पाना, आरु का?" म्हणजे पाना आहे का. शेवटी 'का', अगदी आपला. मी म्हणायचो, "हाय." त्याची मान डोलायची. पाना नसला तर मी म्हणायचो, "नाय." तरी त्याची मान डोलायची. कारण त्यांच्यातही नसलं की 'नाइ'च म्हणतात. खात्री करून घ्यायची असली की वाक्याच्या शेवटी 'ना' लावतात, हाही आपलाच. मी बबनला सांगितलं, अरे, हे लोक मूळचे आपल्या कराड-पाटणकडचेच असणार, कधीतरी बोट चुकून तिकडं गेले.

सहा महिन्यांत मी हिराताबरोबर दिवसभर बोलायला लागलो. 'युक्कुरी' म्हणजे हळू, 'मात्ते' म्हणजे थांब, 'मिझु' म्हणजे पाणी. नव्या आलेल्या माणसांना त्याचं म्हणणं मी समजावून द्यायचो. कुलकर्णी साहेब पुस्तकात बोट घालून शब्द शोधत असायचे तोवर माझं उत्तर देऊन झालेलं असायचं. एका शुक्रवारी त्यांनी आम्हा दोघांना दोह्यातल्या बिन महमूद भागात आपल्या घरी जेवायला नेलं. वहिनींनी थालीपीठ केलं होतं. त्यांच्या मुलीला मी मराठीत शाळेचं विचारलं, तिनं इंग्रजीत सांगितलं. साहेब म्हणाले, बघा शिंदे, तुमच्या जिभेवर भाषा वाढतीय, आमच्या घरातली कमी होतीय. ते कौतुक मी पुष्कळ दिवस चघळलं.

दुपारच्या सुटीत हिराता पाइपांच्या सावलीला बसून गार भाताचा गोळा खायचा. भातात एक खारवलेलं लाल फळ पुरलेलं. त्यानं मला एक दिलं. आंबट म्हणजे कानशिलापर्यंत गेलं. मी त्याला चुलतीच्या हातचं लिंबाचं लोणचं दिलं, त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्यानं आणखी मागितलं. त्या दिवसापासून आमचा देवघेवीचा धर्म झाला. दूध नाही, दही नाही, तूप नाही, असा माणूस. पण लोणच्याशिवाय भात त्यालाही जात नव्हता.

एकदा बबन कुठं आहे असं त्यानं विचारलं. मी टाकीकडं हात करून म्हणालो, "बबन आरु." त्यानं चमच्यानं दगडावर टकटक केलं, "आरु." मग माझ्या छातीला बोट लावलं, "इरु." वस्तू असते तिला आरु, जीव असतो त्याला इरु. मला हे फार आवडलं. आपल्याकडं दगडही असतो आणि माणूसही असतो, एकाच शब्दात. त्यांनी जिवाला वेगळा शब्द राखून ठेवलाय.

एवढी भाषा माझ्याजवळ झाली होती. आणि मला वाटत होतं, झाली.

टाकी

दुसऱ्या वर्षाचा उन्हाळा. अंग रोज सकाळी आदल्या दिवशीचाच थकवा घेऊन उठायचं. एका मोठ्या आडव्या टाकीत पाणी भरून ती कुठं गळते का, ते बघायचं होतं. टाकीला कमरेच्या उंचीवर माणूस जाईल एवढं एकच भोक, त्याला लोखंडी झाकण. आत लोखंडाचे पडदे, त्यामुळं कोपऱ्यातला माणूस बाहेरून दिसत नसे. सकाळभर मी त्या भोकापाशी उभा राहून आतल्या लाकडी फळ्या बाहेर काढल्या. काम उरकल्यावर मी वीस-पंचवीस पावलांवर दुसऱ्या पाइपाला साखळी बांधायला गेलो. जाताना बघितलं, बबन परत आत शिरला. तारेचा ब्रश विसरला होता.

हिराता झाकणापाशी आला. कॉम्प्रेसर धडधडत होता. फळ्या काढणारा मी, म्हणून त्यानं मलाच हाक मारली. "रामु-सान! नाका नि दारेमो इनाइ ना?"

नाका म्हणजे आत. बाकीचं मी माझ्या परीनं लावलं. आत कुणी नाय ना, असं विचारतोय. मला सगळं कळलं. मी हात वर करून मोठ्यानं सांगितलं, "हाय!"

आत माणूस हाय. आमच्या बोलीत याचा दुसरा अर्थ होत नाही.

हिरातानंही हात वर केला. मी समाधानानं खाली वाकलो आणि साखळीचं काम करायला लागलो. कळलं त्याला, थांबेल तो बबन येईपर्यंत, असं माझ्या मनात. किती वेळ गेला सांगता येत नाही. पायाखालची जमीन थरथरायला लागली तेव्हा मी वर बघितलं. झाकण बसलं होतं. बोल्ट आवळून झाले होते. पंप चालू होता.

हिरातानं विचारलं होतं, आत कुणी नाही ना. त्यांच्यात 'हाय' म्हणजे 'हो, तुम्ही म्हणता तसंच'. म्हणजे मी त्याच्या भाषेत सांगितलं होतं, बरोबर, कुणी नाही.

हे मला तिथं कळलं नाही. तिथं एवढंच कळलं की चुलतीचा बबन खाऱ्या पाण्यात बंद झालाय. मी धावलो. 'मात्ते, मात्ते' म्हणून ओरडलो, कॉम्प्रेसरपुढं माझा आवाज मलाच ऐकू येईना. हिराता पंपाकडं तोंड करून उभा होता. मी जवळ जाऊन त्याचा टॉवेल धरला, आणि जे सुचलं ते ओरडलो. आत शिंदे आहे. जीव आहे, म्हणून इरु.

"शिंदे इरु! नाका, शिंदे इरु!"

माणसाचा रंग असा उतरलेला मी पुन्हा कधी बघितला नाही. त्यानं दोन्ही हात आडवे फेकले. पंप बंद, कॉम्प्रेसर बंद. कवायतीत उड्या मारणारा तो हिराता पाना घेऊन स्वतः बोल्टांवर तुटून पडला. आजूबाजूचे जपानी पळत आले, एकानं डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरली. मला कळेना, हा टोपी का काढतोय.

सगळं शांत झाल्यावर आतून आवाज आला. ठण, ठण, ठण. टोपीवाल्यानं टोपी खाली टाकली.

झाकण उघडलं. बबन गुडघ्याच्या वरपर्यंत भिजलेला, हातात ब्रश, भोकातून डोकं बाहेर काढून म्हणाला, "आण्णा, मी आत हाय का नाय, एवढं तरी बघाय नगं व्हय?"

मी त्याच्या काखेत हात घालून त्याला बाहेर ओढलं.

पाटी

कुलकर्णी साहेबांनी ऑफिसात नंतर उलगडून सांगितलं. 'शिंदे इरु' म्हणजे त्यांच्या भाषेत 'मेलेला आहे'. आत माणूस मेलाय असं मी ओरडत होतो. म्हणून एका क्षणात सगळं थांबलं. 'आत माणूस आहे' एवढंच म्हटलं असतं तर हिरातानं आधी वळून विचारलं असतं, कोण, कुठं.

हे मी गावात चाळीस वर्षं सांगितलं. ज्या नावाला जपानी भीत होते त्याच नावानं बबन वाचला. लोक माना डोलवायचे. 'हाय' मात्र कुणाला सांगितलं नाही. त्या ऑफिसात हिरातानं कागदावर प्रश्न मांडून कुलकर्ण्यांना विचारलं होतं, की मी असं विचारलं, तर यानं हाय का म्हटलं. साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी भिंतीकडं बघितलं. त्यांनी मग इंग्रजीत पुष्कळ वेळ समजावलं.

दुसऱ्या दिवशी कवायत झाल्यावर हिराता सगळ्यांपुढं बबनसमोर उभा राहिला आणि कमरेत वाकला. वाकून राहिला. मी स्वतः आत डोकावलो नाही, चूक माझी, असं म्हणाला. आमच्या कारखान्यात मुकादम चुकला की आवाज चढवतो. वाकताना मी कुणाला बघितलं नव्हतं. त्याच्या शेजारी मीही वाकायला पाहिजे होतं. मी ताठ उभा राहिलो. तो ताठपणा अजून पाठीत दुखतो.

त्यानंतर मी पंधरा-वीस दिवस जपानीचा एक शब्द काढला नाही. खुणेनं काम करायचो. बबनच मला दुपारी ओढून न्यायचा. त्याला जपानी काही येत नव्हतं. म्हणायचा, "आण्णा, इचारा की त्येला, लोनचं पायजे का. मला कुटं इचारता येतंय." मी कंटाळून विचारायचो. हिराता उत्तर द्यायचा. असं पुन्हा सुरू झालं.

मग हिरातानं नवी रीत काढली. टाकीत शिरणाऱ्यानं आपल्या नावाची लाकडी पाटी भोकाबाहेरच्या खिळ्याला अडकवायची, बाहेर आला की काढून घ्यायची. एक पाटी जरी खिळ्यावर असली तरी झाकणाला हात लावायचा नाही. आणि मला त्यानं शिकवलं की नुसतं 'हाय' म्हणायचं नाही. 'इरु', म्हणजे आहे, का 'इनाइ', म्हणजे नाही, ते पुरतं म्हणायचं. आज मला विचाराल तर जपानी मला त्या दिवसापासून यायला लागलं. आधी मी त्यांच्या तोंडून माझीच भाषा ऐकत होतो.

पाट्या आल्या, म्हणजे नावाचा प्रश्न परत आला. भोकापाशी 'मेलेला' अशी पाटी कोण टांगणार. मी म्हणालो, लागली तर शिंदेच लागेल. हिराता दोन दिवस कागदावर अक्षरं काढून खोडत होता. तिसऱ्या दिवशी ब्रश आणि काळा रंग घेऊन बसला आणि दोन पाट्यांवर दोन-दोन चित्रासारखी अक्षरं काढली. कुलकर्णी साहेबांनी पुस्तकात बघून सांगितलं: पहिलं अक्षर 'शिन', म्हणजे भरवसा. दुसरं 'दे', म्हणजे बाहेर येणं. त्यांच्यात एकाच आवाजाची पुष्कळ अक्षरं असतात, त्यानं धुंडाळून ही काढली होती.

पुढची पाच वर्षं तो रोज भोकापाशी उभा राहून वाचायचा, "शिंदे-सान, इरु?" मधे 'सान' घातलं की मेलेला माणूस जिवंत होतो. मी आतून पुरतं उत्तर द्यायचो.

गाव

चौऱ्याऐंशीला आम्ही परत आलो. दोघं गेलो होतो, दोघं आलो. चुलतीनं मोजून घेतलं.

हे लिहायला बसलो आणि 'हाय'पाशी अडलो. कागदावर खरं लिहायचं आणि दोन घरं पलीकडं राहणाऱ्या माणसाला सांगायचं नाही, हे मला जमेना. मागल्या आठवड्यात गेलो. बबन ओसरीवर शेंगा फोडत बसला होता. आता त्याला कमी ऐकू येतं, कॉम्प्रेसरनं कान खाल्ले. मी जवळ बसून सगळं सांगितलं. तू वाचलास ते माझ्या बोलण्यानं, पण कोंडला गेलास तेही माझ्याच बोलण्यानं.

तो शेंगा फोडत राहिला. मग म्हणाला, "ठावं हाय मला. कुलकर्नी सायबानं तवाच सांगितलं हुतं."

मी म्हणालो, "मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर तुमी जपानी बोलायचं सोडलं असतं. आन मग पुन्यांदा टाकीत कोंडलो असतो तर माज्यासाटी कोन वरडलं असतं?"

त्यानं मूठभर दाणे माझ्या हातात दिले.

मी म्हणालो, "हाय." जपानीतला का आपला, ते त्यानं विचारलं नाही.